पखुर्डीला पाणी

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का. कुणी तहानलेलं असेल या नुसत्या शंकेनं त्यांचा घसा कोरडा पडायचा. दारातल्या माणसाचं नाव विचारायच्या आधी तांब्या पुढे. पोस्टमन एकदा कुरकुरला, "आक्का, घरोघरी पाणी पीत बसलो तर पोचायचं कधी?"

"न पिता वाटंत पडलास तर कधी पोचशील रं?"

निपाणीच्या अलीकडे आमचं शेत, त्याला लागून खडकाळ माळ. दोन उन्हाळ्यांमागे तिथं शेण गोळा करताना आक्कांच्या पायाजवळून पखुर्डी उडाली. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. घरटं नाहीच, उघड्यावर एक खळगा आणि त्यात तीन अंडी. मोतीबिंदूमुळं आक्कांना धड दिसत नव्हतं. अंडी पायाखाली आली असती, या विचारानंच त्या घामाघूम झाल्या.

दुपारी नवीन घोर. "ऊन लई हाय गं. पाण्याला सुदीक उठत न्हाय ती. मरंल की!"

"नर-मादी पाळीनं बसतात, आक्का. लांब तळ्यावर जाऊन पिऊन येतात. तुम्ही नका लक्ष घालू."

"तुझं काळीजच दगडाचं."

माझा डोळा चुकवून त्यांनी खळग्याशेजारी मातीचा पसरट परळ पाण्यानं भरून ठेवला. पखुर्डी पाण्यापासून लांब अंडी घालते, कारण पाण्यावर कुत्री येतात. हे आम्हा दोघींना दुसऱ्या दिवशी परळाभोवतीचे पंजे बघून कळलं. एक अंडं गेलं होतं.

आक्कांनी परळ उचलून आणला. मग रोज लांबच्या बाभळीखाली काठी घेऊन बसायला लागल्या. जेवताना घास हातात धरून विचारायच्या, "कुत्रं वरडलं न्हवं?" त्यांचा मुलगा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून रजा काढून त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायला आला.

"ती उठली की मी उठते," आक्का म्हणाल्या.

"आई, डॉक्टर काय पाखराची वाट बघत बसणार?"

"बसू दे की. मी बसलेय न्हवं?"

बिचारा रजा वाढवून राहिला. मीही चिडले होते. पण भाकरी थापताना माझेही कान माळाकडेच असायचे.

एका सकाळी खळगा रिकामा दिसला. आक्कांना तिथंच थांबवून मी पुढं वाकले. तेवढ्यात गवताच्या ठोंबाजवळ काहीतरी हललं. दोन पिल्लं तुरुतुरु पळत होती. नर येऊन उतरला आणि अंग फुगवून उभा राहिला.

"काय करतंय गं? सांग की!"

"पोटाची पिसं भिजवून आणलीत. पिल्लं खाली शिरून पितायत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"तिसरं बी प्यालं असतं," आक्का म्हणाल्या आणि काठी टेकत थेट मुलाच्या गाडीकडे निघाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. पण आक्का बेळगावातच हृदयविकारानं गेल्या. पखुर्डी स्वच्छ डोळ्यांनी बघायची राहून गेली.

यंदा खळगा मला दिसला. भर उन्हात ती चोच उघडून बसली होती. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी झाकण घट्ट केलं आणि मागं न बघता घरापर्यंत चालत आले.