त्याच कपड्यातला धागा

गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री होती. तिथे इस्त्रीच्या टेबलामागे, खिडकीला लागून एक बुटकं स्टूल असे आणि त्या स्टुलावर बसून रफू करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली आत्या म्हणे. खरं तर त्या एकाच मुलीच्या आत्या, धाकट्या भावाच्या लेकीच्या. पण ती लहानपणी दुकानाच्या पायरीवरून इतक्या मोठ्याने हाक मारायची, की गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं.

कोटाला जळून भोक पडो की लोकरी शालीचा कोपरा किडीने खाल्लेला असो, आत्या आधी कापड उजेडाकडे धरून बराच वेळ नुसतं बघत. मग कपडा उलटा करत आणि आतल्या शिवणीतून, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागेतून, एकेक धागा ओढून काढत. त्याच धाग्याने भोक विणायचं, हा त्यांचा नेम. रंग कितीही जुळला तरी बाहेरचा धागा उन्हात उठून दिसतो, असं त्या म्हणत. काम झालं की गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून विचारी, "कुठं होतं हो भोक?" एवढी शाबासकी आत्यांना पुरत असे.

लाँड्रीवाल्याचे गुडघे बोलू लागले आणि त्याने दुकान बंद करायचं ठरवलं. महिनाअखेरीला शटर खाली आलं की पुन्हा वर जाणार नव्हतं. आत्या घरी आल्या, जेवता जेवता सांगून मोकळ्या झाल्या. भाऊ म्हणाला, ताई, पुष्कळ केलंस, आता आराम कर. भावजय म्हणाली, वन्सं घरी असल्या तर मलाही सोबत होईल. दोघंही मनापासून बोलत होती आणि त्याचीच आत्यांना धास्ती वाटली. आजवर त्या घरात त्या सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या बाई होत्या. आता त्या दुसरीच्या स्वयंपाकघरातल्या जादा बाई होणार होत्या. नणंद-भावजयीचं चांगलं गूळपीठ होतं, पण ते टिकलं होतं ते दोघींना दिवसभर एकमेकींपासून सुट्टी मिळत होती म्हणून. हे दोघींनाही ठाऊक होतं.

भाची आता मोठी होऊन एका कचेरीत लागली होती. तिनेच जाहिरात शोधून आणली. शहरातल्या जुन्या नाट्यगृहाच्या कपडेपटात, म्हणजे नटांचे पोशाख जिथे ठेवतात आणि दुरुस्त करतात तिथे, माणूस हवं होतं. अर्जासोबत पत्र मागितलं होतं: आपण या कामास योग्य का, ते एका पानात लिहावे.

"एक पान?" आत्या म्हणाल्या. "मला रफू येतं, हे एका ओळीत होतं. उरलेल्या पानाचं काय करू?"

आणि त्यांनी खरोखरच तेवढंच लिहिलं. मला रफू येते, लाँड्रीत बरीच वर्षे केले, कळावे. भाचीने विचारलं, हे पत्र आहे की तार? पण आत्यांचा तरी काय इलाज होता? आपला हात कुठे फिरला ते दिसू द्यायचं नाही, हेच त्या जन्मभर शिकल्या होत्या. कागदावरही त्यांनी स्वतःला तसंच बुजवून टाकलं होतं.

मग भाचीने मोबाइलवर शोधून एक पत्र तयार केलं. भावाने चष्मा लावून ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यात आत्या ध्येयवादी होत्या, गतिमान होत्या आणि आव्हानं पेलणं हा त्यांचा स्वभाव होता. भावाने कागदावरून मान वर केली.

"ताई, तू गतिमान कधीपासून? समोर बस उभी असली तरी म्हणतेस, जाऊ दे, मागून दुसरी येईल."

सगळे हसले, आत्याही हसल्या. पण सवयीने त्यांनी तो कागद खिडकीकडे धरला होता.

"छान लिहिलंयस ग," त्या भाचीला म्हणाल्या. "पण हा बाहेरचा धागा. त्यांनी मला समोर बसवलं की लगेच उठून दिसेल."

"मग तू काढ आतला," भाची जरा फुरंगटून म्हणाली. "पण आधी त्यांना काय हवंय ते तरी आपल्याला माहीत आहे का?"

हा प्रश्न आत्यांच्या डोक्यात घर करून बसला. रविवारी त्यांनी दुपारच्या प्रयोगाचं तिकीट काढलं, तेही पहिल्या रांगेचं. भावाने ऐकून कपाळाला हात लावला. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा भावजयीने उत्सुकतेने विचारलं, गोष्ट काय होती? आत्यांनी सांगितलं, की एक म्हातारा सरदार होता, त्याचा कोट गडद निळा, कापड असं की हल्ली मिळायचं नाही, आणि डाव्या कोपराला काळ्या दोऱ्याने घातलेले हे एवढाले टाके.

"अहो पण गोष्ट?"

"शेवटी तो मेला बहुतेक. पडताना हात वर केला, म्हणून तर कोपर दिसलं."

आता आत्यांना लिहायला काहीतरी सापडलं होतं, पण भाचीला ते पसंत पडेना. नोकरी मागायची आणि पहिल्याच पत्रात त्यांच्या कामाला नावं ठेवायची, हे कुठलं शहाणपण? भाऊही तिच्या बाजूने झाला. कोपर गाळलं तर पान पुन्हा कोरं राहत होतं. भावजय इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. तिने हात थांबवला नाही.

"वन्सं, गिऱ्हाइकाला तुम्ही विचारता का, कोट कुठे जाळून घेतलात म्हणून?"

"छे. ते बिचारं आधीच ओशाळलेलं असतं."

"मग काय म्हणता?"

"म्हणते, कापड चांगलं आहे. होईल."

"मग तसंच लिहा की."

आत्यांनी लिहिलं आणि भाचीने टाइप केलं. वर कोणत्या कामासाठी अर्ज ते, खाली पत्ता आणि फोन नंबर, ही मांडणी तिची. मधला मजकूर आत्यांचा:

"रविवारचा प्रयोग पाहिला. सरदारांच्या निळ्या कोटाचे कापड फार चांगले आहे. डाव्या कोपराचे टाके पडदा उघडण्याआधी घाईत घातलेले असावेत. तरी ते शेवटपर्यंत टिकले, म्हणजे घालणाऱ्याचा हात पक्का आहे. सवड मिळाल्यास त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून ती जागा पूर्ववत करता येईल. असे काम मी लाँड्रीत खिडकीपाशी बसून करीत आले. लाँड्री आता बंद होत आहे. मला काम हवे आहे."

शेवटचं वाक्य फार उघडं आहे, काढू का, असं भाचीने विचारलं. आत्या म्हणाल्या, खरं आहे, राहू दे.

लाँड्रीचं शटर खाली आलं. लाँड्रीवाल्याने ते बुटकं स्टूल स्वतः लंगडत घरी आणून दिलं. ते दाराआड पडून राहिलं आणि येता-जाता सगळ्यांच्या पायात येऊ लागलं, पण कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग एके सकाळी नाट्यगृहातून फोन आला.

कपडेपट रंगमंचाच्या मागे होता. खोली लांबट, दोन्ही बाजूंना पोशाखांच्या रांगा, टोकाला एक उंच खिडकी. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. कपडेपट त्याच सांभाळत आणि माणूस निवडायचं कामही त्यांच्याकडेच होतं. आत्यांचं पत्र त्यांच्यापुढे होतं.

"कोपराचे टाके माझे," त्या म्हणाल्या.

आत्यांची नजर पत्रातल्या 'घाईत' या शब्दावर गेली.

"आणि घाई मुळीच नव्हती. अख्खी दुपार होती माझ्याकडे. निळा आणि काळा मला आता सारखेच दिसतात." त्यांनी पत्राची घडी घातली. "इथे सगळे मला सांभाळून घेतात. टाके दिसले की दुसरीकडे बघतात. तुम्हीही सांभाळून घेतलंत, पण नीट बघून."

आत्यांच्या तोंडात बसलेलं तेच बाहेर पडलं. "कापड चांगलं आहे हो. होईल."

बाईंनी रांगेतून तो निळा कोट काढून दिला. आत्या खिडकीखाली सरकल्या, काळे टाके अलगद उसवले, कोट उलटा केला आणि आतल्या शिवणीतून पहिला धागा ओढला. मधेच कुणीतरी चहा ठेवून गेलं, तो निवून गेला. ऊन भिंतीवरून सरकत वर चढलं तेव्हा त्यांनी दोरा तोडला आणि कोट बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी चष्मा काढला. कोपरावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"कुठं होतं?" त्यांनी विचारलं.

आत्यांनी त्यांचं बोट धरून जागेवर नेलं. बोट तिथेच ठेवून बाई म्हणाल्या, सोमवारपासून या. आणि जरा काळजीने पुढे म्हणाल्या, "बसायचं काय कराल पण? इथल्या सगळ्या खुर्च्या राजेलोकांच्या. तुमचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत."

"स्टूल आहे माझं," आत्या म्हणाल्या.