शेजारणीनं आईसाठी काय मागितलं

आमच्या नागपूरच्या घरात देव नव्हता. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच तो घराबाहेर गेला, आणि आईनं त्याला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही. बाकीच्या बायका उपास पाळतात त्याहून कडक ती बावीस प्रतिज्ञा पाळायची. सकाळी वंदना म्हणायची, पण त्यात मागणं नसायचं. मी दहावीच्या परीक्षेआधी कुणाचं तरी बघून डोळे मिटून पुटपुटत बसले होते, तर तिनं टपली मारली. म्हणाली, "मागायचं असंल तर सरकारकडे माग. अर्ज कर. इथं काहून हात जोडून राहिली?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोक उतारा ठेवायचे. लिंबू, कुंकू, भात, कधी नारळ. आई त्यातला नारळ उचलून आणायची, धुवायची, फोडायची आणि आम्हा दोघा भावंडांना चटणी करून घालायची. भीती पोटातून गेली की परत येत नाही, असं तिचं मत होतं. आम्हाला कधी काही झालं नाही. चटणी मात्र झकास व्हायची.

अशा बाईची मुलगी मी. २००४ साली ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका स्कूलबस चालवणाऱ्या बाईच्या दारात, तिच्या देवीपुढे, हात पसरून उभी होते. हे कसं झालं ते सांगते.

नवरा एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मला त्याच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपुरात मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवत होते. इथं दिवसभर भांडी, कपडे आणि खिडकी. खिडकीतून पहिल्यांदा ती बसवाली दिसली. बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, साठीच्या आसपासची, सिगरेटनं घोगरा झालेला आवाज. उजाडायच्या आधी दार उघडून उंबऱ्यावर वाटीभर पाणी ओतत होती आणि स्वतःशी बोलत होती. मी नवऱ्याला म्हटलं, खालची बाई वेडी आहे.

वेडी नव्हती. कपडे धुवायच्या खोलीत ओळख झाली आणि तिनं मला घरी नेऊन कॉफी पाजली. दाराच्या आत एक फळी होती. फळीवर तीन तोंडांची वीतभर मूर्ती, जुन्या किल्ल्यांचा जुडगा, लसणाचा गड्डा, पाण्याची वाटी. ती म्हणाली, मी पेगन आहे. येशूच्या आधीचे जे देव होते त्यांना आम्ही पुन्हा मानतो. ही ग्रीकांची, दारांची आणि चौरस्त्यांची देवी. त्या देवीचं नाव मला कित्येक दिवस नीट म्हणता आलं नाही.

अमावास्येच्या संध्याकाळी ती कोपऱ्यावर, जिथं आमचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं, पाव, उकडलेलं अंडं आणि लसूण ठेवून यायची. येताना मागे वळून बघायचं नाही. मी हसत सुटले. इतक्या लांब येऊन शेवटी उताराच! तिला आईची आणि नारळाची गोष्ट सांगितली. तीही पोट धरून हसली, मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "आमच्यात तिला दिलेलं परत घेत नाहीत. खात तर नाहीतच."

"आईनं खाल्लं. चांगली ठणठणीत आहे."

त्यानंतर महिन्याभरात दादाचा फोन आला. आईला कावीळ झाली म्हणून दाखवायला नेलं तर स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नारळाचा आणि स्वादुपिंडाचा काही संबंध नसतो हे मला नक्की माहीत होतं. तरी पुढचे कित्येक दिवस तो नारळ माझ्या डोक्यातून जाईना, आणि त्याचा मला आईच्या आजाराइतकाच संताप यायचा.

मला जायचं होतं. पण आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला होता. वकिलानं सांगितलं, प्रवासाच्या परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत विमानात बसू नका. गेलात तर परत येता येईल याची हमी नाही. नवरा रोज म्हणायचा, "थोडं थांब यार, मी पुन्हा कॉल करतो त्याला." दादा म्हणायचा, "तू टेन्शन नको घेऊ. आई बरी होऊन राहिली." आणि आईला अर्जांवर केवढा विश्वास! फोनवर म्हणाली, "अर्ज केला ना? मग उत्तर येऊ दे. ते न घेता आलीस तर मी दार नाही उघडणार." तिनं खरंच नसतं उघडलं.

मी रोज टपालपेटीशी जाऊन उभी राहायची. शेजारणीनं ते पाहिलं, विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुझ्या आईसाठी प्रार्थना करू का?"

"आमच्यात नसतं ते."

"तू नको करू. मी करते."

मी रात्रभर त्यावर विचार केला. सकाळी खाली गेले आणि म्हटलं, कर. तिनं आईचं नाव विचारलं. तिच्या जिभेला ते जड होतं. तिथल्या तिथं पुन्हापुन्हा म्हणून तिनं ते पक्कं केलं, मग कॉफी ओतली. त्या दिवसापासून दुपारी बस सोडून परत आली की मला खिडकीत बघून खालून हाक मारायची, "आज घेतलं गं नाव!" मला किती बरं वाटायचं, काय सांगू. कुठल्या तरी एका ऑफिसात तरी आपला अर्ज आत गेलाय, असं वाटायचं. त्या जोरावर मी स्वयंपाक करायची, जेवायची, झोपायची.

तिकडे आईचं जेवण सुटलं. मग पेज सुटली. दादा म्हणाला, "आता चमच्यानं पाणी देऊन राहिलो, पण ओळखते सगळ्यांना." ते मी शेजारणीला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "उद्या मी तुझ्याबरोबर उभी राहू का?"

तिनं मला उभं कसं राहायचं ते दाखवलं. मान खाली घालायची नाही. गुडघे टेकायचे नाहीत. पाहुणी दारात आल्यावर आपण पुढे होतो तसं उभं राहायचं, तळवे वर. आधी देवीला हाक, मग तिच्यासाठी काय आणलंय ते सांगायचं, मग मागणं, स्पष्ट शब्दांत, मोठ्यानं. मला ते आवडलं. आईलाही यातला ताठपणा आवडला असता, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं हाक मारली. पाणी आणलंय म्हणाली. आईचं नाव घेतलं, अगदी नीट. आणि म्हणाली, "तिच्यासाठी दार उघड. पुढे दिवा धरून चाल. वाट सोपी कर. दुखू देऊ नकोस."

मी हात खाली घेतले. "कुठलं दार?"

"हनी..."

"कुठलं दार म्हणतेय मी?"

"तूच सांगितलंस ना, आता ती फक्त चमच्यानं पाणी घेते."

"म्हणून तू तिचं मरण मागतेस? रोज? माझ्याकडून नाव शिकून घेऊन?"

"मरण मागत नाही गं. ते निघालंच आहे. ते सोपं यावं, एवढंच मागते. माझी देवी बरं करणारी नाही. तिच्या हातात जे नाही ते मी तिच्याकडे मागत नाही."

"मग दुसरा कुणी बघायचा होतास! ढीगभर आहेत तुमच्यात!"

तिनं वाटी फळीवर ठेवली. तिची कामाची वेळ झाली होती. मी तशीच जिना चढून वर आले आणि नवऱ्याला उठवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ती काही चुकीचं नाही बोलली यार." त्या दिवशी मी त्याच्याशीही बोलले नाही. दोघांचंही बरोबर होतं, हाच तर राग होता.

मग मी स्वतः मागायला लागले. कुणाकडे, तेच ठरेना. बुद्धाकडे मागता येत नाही, हे आईनं हाडात भरवलेलं. शेजारणीच्या देवीनं आधीच हात वर केलेले. शेवटी सिंकपाशी उभी राहून, स्टीलच्या वाटीत नळाचं पाणी घेऊन मी म्हणायची, जो कोण असशील तो, तिला बरी कर. पत्ता न घालता पाकीट पेटीत टाकावं तसं. मग वाटी गॅलरीतून खाली ओतायची. ते पाणी शेजारणीच्या दारापुढे पडायचं. तिनं कधी तक्रार केली नाही.

एके दिवशी दादानं फोन आईच्या कानाला लावला. "बोल, ऐकून राहिली ती." मला पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, घरघरीचा. शंभर पोरांच्या वर्गात मी कधी अडखळले नव्हते. आता काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, "आई, कागद येतोय. पुढच्या आठवड्यात निघते." साफ खोटं. तेवढ्यात प्रीपेड फोनकार्डातली रेकॉर्ड केलेली बाई मध्येच बोलली की कार्डावर एकच मिनिट उरलंय, आणि पुढे मी जे काही बोलले त्यातलं किती आईपर्यंत गेलं कोण जाणे. नव्या कार्डाचा नंबर खरवडून पुन्हा फोन लावला तर लाइन मिळेना.

त्यानंतर फोन आला तो दादाचाच. "शांत गेली," म्हणाला. मी मान हलवली, जणू त्याला दिसतंय. मग तिकडे तो ओक्साबोक्शी रडायला लागला. "खोटं बोललो गं. लई तडफडली. मी नर्सला हाका मारत होतो, कोणी येऊन नाही राहिलं."

म्हणजे मी मागितलेलं मिळालं नाही, आणि शेजारणीनं मागितलेलंही नाही.

मी तडक खाली गेले. ती पायरीवर बसली होती. मी उभ्यानंच सगळं तिच्या तोंडावर फेकलं. "गेली माझी आई. सोपी नाही गेली. हाल होऊन गेली. तुझ्या देवीला सांग." मला भांडण हवं होतं. तिनं काहीतरी म्हणावं, देवाची मर्जी वगैरे, म्हणजे मला तिला ओरबाडता येईल. तिनं सिगरेट न पेटवताच पुन्हा पाकिटात घातली आणि म्हणाली, "मी खूप मागितलं गं." तिचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते. मी वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी अंधारातच तिच्या दाराचा आवाज झाला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तिनं पाणी ओतलं आणि आपल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायला लागली. तिची आई, भाऊ, आणखी कुणी. शेवटी माझ्या आईचं. एकही अक्षर चुकलं नाही.

आमच्यात मेलेल्यांना पाणी देत नाहीत. आईनं आजोबांनाही दिलं नव्हतं. श्राद्धाचं नाव काढलं तरी ती घर डोक्यावर घ्यायची. मी तिला थांबवायला तोंड उघडलं. आणि कळलं की या अख्ख्या देशात हे नाव माझ्याखेरीज फक्त या बाईला येतं. नवरा 'तुझी आई' म्हणतो. बाकी कुणी ते कधी उच्चारणार नाही. मी तोंड मिटलं. ती कामावर गेल्यावर एकदा स्वतः म्हणून पाहिलं, तर पहिल्या अक्षरापुढे जाता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पुन्हा जिन्यात होते. मागायला काहीही उरलं नव्हतं. मी फक्त ते नाव ऐकायला गेले होते.