माझ्या वेलाचं एकुलतं मादी फूल

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या वेलाला तीन भोपळे लागले, तेव्हा मी आठ दिवस ॲसिडिटीची गोळी घेत होते.

आम्ही मलकपेठेत एकाच घरात राहतो. खाली मी, वर जाऊबाई, म्हणजे अक्का, आणि गच्ची दोघींची. एकाच पुडीतल्या बिया आम्ही वाटून घेतल्या आणि दोन पिंपांत लावल्या. मी नांदेडकडच्या शेतकऱ्याची लेक. अक्का भर शहरात, आबिड्सजवळ वाढलेल्या, कोथिंबीर बाजारातच उगवते असं मानणाऱ्या. तरी भोपळे त्यांना! मला नुसती फुलं. रोज दहा-बारा, पिवळीजर्द. आणि पानं म्हणाल तर ताटाएवढी.

"पानं बघा माझी, अक्का," मी म्हणायची. "शिरा कशा ठसठशीत आहेत."

"हौ गं, छान आहेत. भाजी करतेस का त्यांची?"

त्या मनापासून विचारायच्या. मनापासून विचारलेलं जास्त झोंबतं.

शेवटी माझी सई गच्चीवर आली. ती दहावीत आहे. मराठी तिला जोडाक्षराला अडखळत वाचता येतं, पण फुलातलं कळतं.

"मम्मी, हे सगळे मेल फ्लॉवर आहेत ना. देठ बघ, सरळ बारीक. फीमेलच्या खाली छोटा बॉल असतो. ओव्हरी."

"अंडाशय म्हण."

"तेच. ते तुझ्याकडे नाहीये."

मग मला सगळं आठवलं. निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर, स्त्रीकेसर. गावच्या शाळेत हे धडाधड म्हणून मी बक्षिसाची वही मिळवली होती. (फूल तेव्हा कुणी दाखवलं नव्हतं.) आता एकेक उघडून पाहिलं. पहिल्यात परागकणांनी माखलेला पुंकेसराचा दांडा. दुसऱ्यात तोच, बाराव्यातही तोच. मांडवभर नुसते नवरदेव, नवरीचा पत्ता नाही.

मी अक्कांच्या वेलाकडे गेले. तिथे चार पानं उचलली की एका फुलाखाली गोटीएवढा हिरवागार अंडाशय. लोक दुसऱ्याच्या फ्लॅटवर जळतात, गाडीवर जळतात. मी अंडाशयावर जळले.

आणि दसऱ्याच्या तोंडावर माझ्या वेलाला एक कळी दिसली. तिच्या खाली गोटी!

"उद्या उघडेल," सई म्हणाली. "सकाळी लवकर मेल फ्लॉवरच्या पाकळ्या काढून टाक आणि आतला दांडा हिच्या मधोमध घास. मधमाशीच्या भरवशावर राहू नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गच्चीवर. मादी फूल उमललं होतं, पण रोज डझनभर नवरदेव उभे करणाऱ्या माझ्या वेलावर नेमकं त्या दिवशी एकही नर फूल नव्हतं. अक्कांकडे पाच होती. मागितलं असतं तर पाचही दिली असती. पण मग माझ्या भोपळ्याचं श्रेय अक्कांना गेलं असतं, आणि ते मला मेले तरी नको होतं. म्हणून मी एक चोरून तोडलं.

"सुनंदा?"

मागे अक्का, हातात पाण्याची बादली.

"बतुकम्मासाठी घेतलं," मी म्हणाले.

(त्या दिवशी शेवटची, मोठी बतुकम्मा होती. तेलुगू शेजारणी ताटात फुलांचे थर रचतात, शेंड्यावर गौरम्मा, म्हणजे गौर बसवतात, भोवती फेर धरतात आणि मग ती पाण्यात सोडतात. आम्ही दरवर्षी खुर्च्या टाकून बघतो.)

"तू मांडणार?" अक्कांनी बादलीच खाली ठेवली. "मला किती वर्षांची हौस आहे गं. सोबत कुणी नव्हतं म्हणून राहून गेलं. एका फुलानं काय होतंय? जा, मोठं ताट आण."

मी खाली पळाले, ताट घेतलं, धापा टाकत वर आले. तेवढ्यात अक्कांनी दोन्ही वेल साफ केले होते. ताटात अंथरायला माझी पानं देठापासून खुडलेली, आणि ओच्यात फुलं.

"हे बघ, तुझ्या वेलाचं," त्या म्हणाल्या. "खाली कसं गोल आहे. हिला गौरम्मा म्हणून वर बसवू."

"अक्का, ते..."

"काय गं?"

"ते छान आहे."

दुसरं काय बोलणार? खरं सांगायचं तर आधी चोरी सांगावी लागली असती.

बाजारातून झेंडू आणला आणि संध्याकाळपर्यंत बतुकम्मा गुडघ्याएवढी झाली. शेजारणी "चाला बागुंदी" म्हणत कौतुक करत होत्या. मी टाळ्या वाजवत फेर धरला, नजर शेंड्यावर. माझे डोळे भरून आले, तेव्हा शेजारणीनं माझी भक्ती बघून स्वतःचेही पुसले. तळ्याशी अक्का म्हणाल्या, "मांडायचं तुझ्या मनात आलं, तूच सोड." मग मी माझा भोपळा माझ्याच हातानं पाण्यात सोडला.

गेल्या रविवारी अक्कांनी त्यांच्या भोपळ्याचे घारगे केले आणि आम्हाला वर बोलावलं.

"रागावू नको, सुनंदा," ताटात तिसरा घारगा वाढत त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या वेलाला भोपळा का लागत नाही सांगू? तू फुलं तोडतेस."

मी मान डोलावली. घारगे खुसखुशीत होते, तेही मला सहन झालं नाही. सात खाल्ले. खाली येऊन गोळी शोधायला लागले, तर सईनं विचारलं, "जास्त झालं का खाणं?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलून माझं आजवर कधी भलं झालेलं नाही, पण सवय जात नाही.