चेंडू खाली आलाच नाही

अक्का गेल्याची बातमी मला तिच्या चोरानं दिली. मी धुळ्यात होते, मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्यावरून पत्रकं वाटत. फोन पिशवीत, आवाज बंद. आत्याचे फोन येऊन गेले होते हे नंतर कळलं; आधी दिसला तो बॅनर. जळगावच्या एका बड्या क्लासनं काढलेला. काळी चौकट, मध्ये माझ्या आतेबहिणीचा, वनिताअक्काचा हसरा फोटो. खाली ‘आमच्या परिवारातील ज्येष्ठ मार्गदर्शिका यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याच्याही खाली, तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, नव्या बॅचचे प्रवेश सुरू. रस्त्यातच बसले मी. रडू नंतर आलं. आधी दात खाल्ले, हे खरं सांगते. क्लासचं नाव इथं छापता येणार नाही असं संपादकांनी सांगितलंय. ठीक आहे. ज्याला कळायचं त्याला कळेल.

अक्का चोपड्याजवळच्या आमच्या गावात राहायची आणि एका शाळेत तासिकेवर गणित-विज्ञान शिकवायची. कावीळ झाली, ती चिघळली आणि अक्का गेली, एवढंच तिच्या आजारपणाबद्दल सांगण्यासारखं आहे. सांगायचंय ते तिच्या व्हिडिओंबद्दल. घरातल्या मागच्या खोलीची एक भिंत तिनं काळी रंगवून घेतली होती. समोर धान्याच्या कोठीवर फोन टेकवायचा आणि भिंतीवर खडूनं लिहीत बोलायचं. व्हिडिओत ती दिसायचीच नाही. दिसायचा फक्त हात, विळ्याचा जुना व्रण असलेला, आणि ऐकू यायचा आवाज. मी दहावीला बीजगणितात आपटले तेव्हा धुळ्यात बसून तिच्याच व्हिडिओंवर पास झाले. क्ष पाहिला की मला घाम फुटायचा. अक्का म्हणायची, “क्ष म्हणजे दारात आलेला अनोळखी पाहुणा. आपण आधी त्याला पाणी देतो की नाव विचारतो? पाणी देतो ना! मग याला पण आधी घरात घे, समीकरणात बसव. नाव तो स्वतःच सांगेल.” घर्षण शिकवताना तिनं वीट आधी गोणपाटावरून ओढली, मग केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटावरून. वीट सटकली ती थेट आत्याच्या पायावर. आत्याची शिवीसुद्धा त्या व्हिडिओत आहे. कापली नाही.

कापायची नाहीच ती काही. तिची एक तऱ्हा होती. शिकवायची प्रमाण मराठीत, कारण पेपर त्या भाषेत लिहायचा असतो. पण स्वतः चुकली की थेट अहिराणीत उतरायची, स्वतःलाच झापायची आणि त्याच दमात चूक दुरुस्त करायची. वर फेकलेल्या चेंडूचा धडा तर आमच्या गावातल्या पोरांना पाठ आहे. चेंडू फेकला वीसच्या वेगानं. वर जाताना गुरुत्वाकर्षण त्याला मागं ओढणार, म्हणजे वजा करायचं. तिनं भरात अधिक केलं. एका सेकंदानंतर वेग आला तीस. क्षणभर नुसता खडू हवेत... आणि मग, “थांबा रे पोरेहो! बठ्ठं चुकनं! हाऊ चेंडू तं चंद्रवर जाई राहीना. मन्हं ध्यान कोठे व्हतं? आठे वजा शे, वजा!” मग पुसून दहा. मी एकदा म्हटलं, अक्का, एवढं कापून टाक की, व्हिडिओ छान दिसेल. तर म्हणाली, “चूक कापली तर पोरांना वाटेल मास्तरीण पोटातूनच शिकून आली. मग स्वतः चुकले की वही मिटतील. तू तुझी पत्रकं छान कर, माझं राहू दे.” मला ती पत्रकवालीच म्हणायची. “ये वं पत्रकवाली, आज कोणाचा मुडदा पाडला?”

मग क्लासचे सर गाडी घेऊन गावात आले. ताई ताई करत चहा प्याले आणि म्हणाले, तुमचे व्हिडिओ आमच्या मुलांना दाखवू का? अक्का म्हणाली, “दाखवा की. पोरं शिकतील.” या चार शब्दांवर त्या माणसानं दुकान उभं केलं. व्हिडिओंच्या कोपऱ्यात क्लासचं चिन्ह चढलं, अक्काचं नाव उतरलं, आणि पैसे भरणाऱ्यांनाच दिसतील अशा ॲपमध्ये ते जाऊन बसले. चेहरा कुठं नव्हताच. हाताला कोण विचारतो? पण चोराचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं उलटी तक्रार केली, की ही बाई आमचे व्हिडिओ चोरून फुकट दाखवते. अक्काचं चॅनल बंद पडलं. ज्या पोरांकडं भरायला पैसे नव्हते त्यांची शाळा बंद पडली म्हणा ना. मी पत्रक लिहून तयार होते, क्लासच्या दारात वाटायला. अक्कानं थांबवलं. “तिथं बसलेली पोरंही आपलीच आहेत. परीक्षेच्या तोंडावर त्यांचं डोकं फिरवू नको.” तिचा शब्द होता म्हणून थांबले. आता थांबवायला ती नाही... हे त्या सरांच्या लक्षात आलं नसावं.

कारण त्यांनी जळगावात शोकसभा ठेवली आणि आम्हाला बोलावलं! मोठा हॉल, पालक, विद्यार्थी, मोठा पडदा. आत्या पहिल्या रांगेत. सर बोलले की ताईंनी आमच्या संस्थेसाठी देह झिजवला, आम्ही त्यांचे ऋणी आहोत. मग कुटुंबाच्या वतीनं दोन शब्द म्हणून मला उभं केलं. मी म्हटलं, शब्द माझे कशाला, तिचेच ऐकवते. पडद्यावर तुमचं ॲप लावा, वर फेकलेल्या चेंडूचा धडा. सर खुश झाले, मान डोलावली. मी आदल्या रात्रीच तो पाहून गेले होते.

चेंडू फेकला वीसच्या वेगानं, एका सेकंदानंतर तीस... आणि तिथून झटका बसावा तसा धडा पुढच्या गणितावर. अहिराणी गावठी वाटते म्हणून यांनी व्हिडिओतला अहिराणीचा शब्दन् शब्द छाटला होता, आणि अक्काच्या सगळ्या दुरुस्त्या नेमक्या अहिराणीत होत्या! चूक ठेवली, दुरुस्ती कापली, वर आपलं चिन्ह डकवलं. मी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, “सांग गं, हा चेंडू खाली कधी येईल?” तिनं बोटांवर हिशेब केला, सरांकडं पाहिलं, परत हिशेब केला. “येतच नाही, ताई. वेग वाढतोच आहे.” मागून कोणीतरी पोरगा ओरडला, “मंग तं रावेरनी केळी बी रॉकेटवर धाडू!” हॉल हसला. शोकसभेत हसला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सर उठले. “हा तांत्रिक दोष आहे. आम्ही प्रमाण भाषेत शिकवतो, त्यामुळे संकलन करताना...” मी विचारलं, “सर, तुम्ही मूळचे कुठले?” अमळनेरच्या बाजूचे आहेत ते. घरी आईशी कुठल्या भाषेत बोलतात ते हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

मग मी आत्याच्या फोनमधला मूळ धडा लावला. “थांबा रे पोरेहो! बठ्ठं चुकनं!” अख्ख्या हॉलभर अक्का. मी आत्याकडं पाहिलं आणि घाबरून थांबवायला गेले, तर ती माऊली डोळ्याला पदर न लावता म्हणाली, “बंद करू नको. बोलू दे तिले.”

सरांनी दुसऱ्या दिवशी तेवढा एक धडा दुरुस्त केला. तक्रार मागं घेतली नाही. चॅनल अजून बंद आहे. बाकीचे धडे मी सगळे पाहिले आहेत. आणखी कुठं कुठं दुरुस्ती छाटली गेली आहे ते मला माहीत आहे, त्यांना नाही. खरं सांगायचं तर मला गप्प बसायचं होतं. पुढच्या निकालात यांची पोरं आपटू देत, पालक येऊन काचा फोडू देत, मी चहा पीत बघेन, अशी गोड स्वप्नं मी पाहिली. पण आपटणार होती ती हिशेब करणारी पोरगी. म्हणून पत्रक काढलंय. एका बाजूला क्लासचा चुकीचा धडा, दुसऱ्या बाजूला बरोबर उत्तर, तळाशी वनिताअक्काचं पूर्ण नाव आणि तिचं चॅनल कोणी बंद पाडलं ते. जळगावच्या शाखेबाहेर वाटून झालं, धुळ्याच्या शाखेबाहेर रोज वाटते आहे. पोरं पत्रक फेकत नाहीत, कारण त्यात त्यांचे मार्क आहेत. सर, तुमच्या रखवालदारानंसुद्धा भाच्यासाठी दोन मागून नेली. तक्रार मागं घेऊन तिच्या नावासकट चॅनल सुरू होईपर्यंत मी दारातून हलणार नाही. मला दुसरं काम नाही असं समजा.

मागच्या रविवारी आत्याकडं गेले होते. दुपारची वेळ, अक्काची व्हिडिओ करायची वेळ. गल्लीतून भंगारवाले नाना आले, भोंग्यावर तीच ती रेकॉर्ड वाजवत. आत्याच्या घराच्या अलीकडं त्यांनी भोंगा बंद केला. गाडी ढकलत गुपचूप पुढं गेले, गल्ली संपल्यावर पुन्हा सुरू केला. पलीकडच्या काकूंनी नळाखालची बादली हलकेच बाजूला केली. कोणाच्या तरी पोराला कोणीतरी दबक्या आवाजात दटावलं. इतकी वर्षं अक्कासाठी हे सगळे याच वेळेला गप्प होत आलेत. मी नानांना गाठलं. म्हटलं, नाना, आता कशाला बंद करता? ते म्हणाले, “माले माहीत शे ना, बेटा. पन हात आपेआप बटनवर जास.”

मागच्या खोलीत आत्या काळ्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. पंखा बंद. मीही बसले, घाम पुसत, एक शब्द न बोलता.

सर, तुमच्या सभेत दोन मिनिटं शांतता पाळली होती, त्यातही तुमचा फोन वाजला. आमच्या गल्लीतली ही शांतता रोजची आहे. हिच्या कोपऱ्यात तुमचं चिन्ह चिकटवून दाखवा.