तसबीरबाईंच्या घरात खोडरबर नव्हतं

गंगाखेडच्या तसबीरबाई मेलेल्यांची चित्रं काढायच्या आणि जिवंतांना रडवायच्या. लोक रेशनकार्डावरचा पुसट फोटो घेऊन यायचे. बाई त्यावरून पेन्सिलीनं भिंतीवर लावायची तसबीर काढायच्या. माणूस आता बोलतो की काय, असं वाटायचं. अख्ख्या जिल्ह्यात तसा हात दुसरा नव्हता. पण घरात खोडरबर नव्हतं. जे होतं, तेच उतरायचं.

बोरीचा एक शेतकरी म्हणाला, "बायकोच्या गळ्यात बोरमाळ काढा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जित्यापणी दिलती का?"

तो डोक्यावरची टोपी काढून चुरगाळू लागला.

"मग आता माझ्या हातानं देऊ नका."

बिचारा मान खाली घालून बसला. बिचारा कसला म्हणा!

मी त्यांची एकुलती एक शिष्या. "नाक हाय का बटाटा?" म्हणत माझे कागद टराटरा फाडायच्या. त्यांच्या ओठांवर, हनुवटीवर पांढरं कोड होतं. एकदा मी त्यांचं चित्र काढताना ते गाळलं, तर कान पिरगाळून म्हणाल्या, "माझं कोड तुला चावायलंय का?"

मी दहावीत असताना आई गेली. तिची तसबीर बाईंनीच काढली, कपाळावरच्या व्रणासकट. तो वडिलांनी फेकलेल्या तांब्याचा. वडील भडकले, "हे मिटव, न्हाईतर घरात लागायची न्हाई." आईला निदान भिंत तरी मिळावी, म्हणून मी दप्तरातलं खोडरबर काढलं.

तेराव्याला बाई आल्या. तसबिरीत जिथं व्रण होता, त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"बापाला बरं सोडवलंस गं."

त्यानंतर एका गल्लीत राहूनही त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत. फार दुष्ट बाई! मी अजून रडते.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. मी आता फ्लेक्स छापते. त्यांचा मुलगा मोबाइलमधला फोटो घेऊन आला. "ताई, तेवढं कोड काढा. पोरीची सोयरीक जमायलीय. जरा गोरं बी करा."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, खरंच. पण त्या पोरीचं लग्न माझ्यामुळे मोडलं तर? दोन मिनिटांत काम झालं.

तेराव्याला तो बोरीचा शेतकरी आला. पार थकलेला. दारातल्या फ्लेक्सवर बाईंचं खरं नाव होतं, पण ते कुणाला ठाऊक! फोटोकडे नीट निरखून पाहत त्यानं मला विचारलं, "ही कोण म्हणायची? मला तसबीरबाईंकडं जायचंय."