एकच बोर्ड पाहिलेले गजभिये

कँटीनमध्ये कुणी "आज पोहे चांगले आहेत" म्हटलं, तरी गजभिये विचारायचे, "तुम्ही स्वतः खाल्ले?" पुण्यात मत द्यायला पुरावा लागत नाही, हे भंडाऱ्याहून आलेल्या या माणसाला कुणीच समजावू शकलं नाही.

त्यांचं काम वर्णन लिहिण्याचं. यंत्रातल्या सर्किट बोर्डावर कोणता कंट्रोलर कुठे आहे आणि तो कसा वागतो, हे लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, आपोआप कळत नाही. फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. "कर्नल म्हणजे आंधळा पाहुणा, भाऊ," ते म्हणत. "जिना डावीकडे सांगितला, की तो डावीकडेच पाय टाकणार."

आमची कंपनी नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनवायची. मध्येच हीटरचा कंट्रोलर बदलला. पेट्यांचं उद्घाटन तोंडावर होतं, फेटे भाड्याने आले होते, मंत्र्यांची वेळ मिळाली होती. साहेबांनी गजभियेंना डावलून फाइलमध्ये लिहून घेतलं: नवा कंट्रोलर जुन्यासारखाच. नारळ फुटला, पेट्या तालुक्याच्या रुग्णालयांत गेल्या. पुढे कंपनीही बुडाली. त्याला मात्र फेटे लागले नाहीत.

भंगारात निघालेला एक बोर्ड गजभियेंनी वाघोलीच्या फ्लॅटवर नेला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. ("अहो, ताटापुरती जागा ठेवाल का?" वहिनी विचारायच्या.) तिथे त्यांना दिसलं, की यंत्र अडकून पुन्हा सुरू झालं, तर जुना कंट्रोलर हीटर बंद करायचा, नवा करत नाही. पेटी तापतच राहते.

त्यांनी रुग्णालयांना कळवलं. सगळ्यांनी आभार मानले. पेटी कुणी बंद केली नाही, कारण दुसरी नव्हतीच. उरली एक वाट: खरं वर्णन जगभर वापरल्या जाणाऱ्या मूळ कर्नलमध्ये जावं, म्हणजे पेट्यांची देखभाल करणाऱ्यांना नव्या आवृत्तीतून दुरुस्ती मिळेल. गजभियेंनी ते पाठवलं. कर्नलमध्ये येणारे बदल तपासणाऱ्या परदेशी माणसाने एवढंच विचारलं: सगळे बोर्ड असेच वागतात, की तुमचाच बिघडला आहे?

"सगळे, असं लिहा," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिले सगळे?"

"अहो, तिकडे मुलं भाजतील आणि तुम्हाला पुरावा हवाय!"

"न पाहता लिहिलं, म्हणूनच तर ही वेळ आली ना, बाप्पा," ते म्हणाले आणि त्यांनी उत्तर लिहिलं: मी एकच पाहिला आहे.

अपेक्षेप्रमाणे त्या परदेशी माणसाचं उत्तर आलं. दुसऱ्या बोर्डावर पडताळा, मग घेऊ. आणि दुसरे बोर्ड आता फक्त रुग्णालयांतल्या चालू पेट्यांमध्ये होते.

पुणे सोडण्याआधी मी निरोप घ्यायला वाघोलीला गेलो. गजभिये खंगले होते. फोन स्पीकरवर ठेवून ते एका रुग्णालयातल्या नर्सशी बोलत होते.

"सिस्टर, मी स्वतः येतो. पेटी फक्त अर्धा तास उघडू द्या."

"आज नाही हो काका, आत बाळ आहे."

"मग उद्या?"

"उद्या दुसरं असेल."