सोवळं मोडणारी प्रार्थना

विद्युलताबाई हिवाळ्यांना प्रार्थनेचा कंटाळा आला होता. ही गोष्ट त्यांनी पाळकांना सांगितली नव्हती, नवऱ्याला सांगितली नव्हती, आणि देवाला सांगायची तर पुन्हा प्रार्थनाच करायला हवी होती.

नगरची मुलगी, मिरजेला नर्सिंग शिकलेली. रेल्वेच्या ऑफिसातल्या वसंतरावांशी लग्न करून मद्रासला आली आणि मैलापूरच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरीला लागली. सत्तावन्न साल उजाडेपर्यंत तिथल्या निम्म्या आळीची पोरं त्यांच्या हातांवर जन्मली होती. दिवसा नाहीतर रात्री बाळंतिणी, मग सुजलेले पाय, आणि वर ही प्रार्थना. सांतोमच्या चर्चमध्ये तमिळ बाया गाठायच्या. नर्सम्मा, माझ्या सुनेसाठी करा. नर्सम्मा, माझ्या दम्यासाठी करा. रविवारी दुपारी पेरांबूरला मराठी ख्रिस्ती कुटुंबं जमत, तिथेही प्रार्थनेला उभ्या राहायच्या त्या विद्युलताबाईच. आवाज खणखणीत, शब्द तोंडावर. सगळ्यांना वाटे, काय या बाईचा विश्वास! विश्वास होताच, नव्हता असं नाही. पण थकलेल्या माणसाचा विश्वासही थकतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

अशाच एका सकाळी रात्रपाळी संपवून त्या हात धूत होत्या, तेवढ्यात विशालाक्षी दारात येऊन उभी राहिली. तंजावरच्या मराठी घरातली सून. तिची दोन्ही बाळंतपणं विद्युलताबाईंनीच केलेली. या लोकांचे पूर्वज कधी काळी इकडे आले ते इकडचेच झाले. मराठी बोलतात, पण ती पणजीच्या पेटीतून काढल्यासारखी, मध्ये मध्ये तमिळ.

"नर्सम्मा, आत्ता चला. अक्का जेवेना झाली."

"कधीपासून?"

"परवापासून नुसतं पाणी. काल विहिरीपाशी उभी होती. मी विचारट्ली, काय करालीस अक्का? तर सांगट्ली, पाणी किती खोल ते पाहत्यें."

विद्युलताबाईंचे हात थांबले. "नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगट्लं की. ते म्हणतात, लागोपाठ एकादश्या करते म्हणून समज. तुम्ही एखादं टॉनिक द्या, नर्सम्मा."

"विहिरीवर टॉनिक नसतं," विद्युलताबाई म्हणाल्या आणि चपला चढवल्या. घरी जाऊन पाय मिठाच्या पाण्यात सोडायचे होते, ते राहिलं.

अक्का म्हणजे विशालाक्षीची थोरली नणंद, त्रिपुरसुंदरी. तिशीची असेल. आधी नवरा गेला, मग दोन वर्षांपूर्वी एकुलता एक गुंडो तापानं गेला. सहा वर्षांचा होता. तेव्हापासून ती भावाच्या, व्यासरावांच्या घरी राहत होती. डोईवरचे केस ठेवले होते, एवढीच काय ती सुधारणा. बाकी तिनं स्वयंपाक धरला होता, आणि तोही मडीत.

मडी म्हणजे आपलं सोवळं, पण तिथलं जरा जास्तच कडक. पहाटे विहिरीवर न्हायचं, उंच दांडीवर वाळलेलं लुगडं काठीनंच ओढून नेसायचं, आणि सगळ्यांची पानं उठेपर्यंत कुणी शिवायचं नाही. दुपारनंतर शिवलं तरी चालायचं. पण तोवर पोरांनाही आत्यापासून दूर राहायची सवय लागून गेली होती. शहाणीसुरती माणसं आपल्याच घरात एका बाईला अशी कुंपण घालून ठेवतात, आणि मग ती जेवत का नाही म्हणून टॉनिक विचारतात.

बोळातून मागच्या अंगणात गेल्या तेव्हा त्रिपुरसुंदरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली होती. चुलीवरचं सगळं झालेलं होतं. भात, आंबट वरण, पडवळाची भाजी, सगळं ओळीनं झाकलेलं. स्वतः तीन दिवस न जेवलेली बाई पाच माणसांचा स्वयंपाक बिनचूक करत होती. विशालाक्षी नेहमीप्रमाणे लांब, तुळशीपाशी थांबली.

"औषध द्यायला आलांत?" त्रिपुरसुंदरीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"माझ्याकडे नाही औषध."

"मग?"

"मग काय? बसते जरा. रात्रभर उभी आहे. पाय मोडलेत." विद्युलताबाईंनी पाट ओढला आणि उंबऱ्याखाली बसकण मारली.

त्रिपुरसुंदरीनं त्यांच्या पावलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. विहिरीच्या काठावर कावळा येऊन बसला आणि उडून गेला.

"तुमच्या देवाला सांगट्लं तर तो ऐकतो?"

दुसऱ्या एखाद्या दिवशी विद्युलताबाईंनी झटकन हो म्हटलं असतं. चर्चमध्ये तसंच म्हणायची रीत. आज तेवढीही ताकद नव्हती.

"कधी ऐकतो. कधी गप्प बसतो. माझं पहिलं मूल जन्मलं आणि रडलंच नाही, तेव्हा मी चार महिने ओरडत होते त्याच्या नावानं. एक शब्द बोलला नाही."

"तरी सांगता त्याला?"

"न सांगून जाऊ कुठे? एवढं मात्र मला कळलं, बाई, गप्प बसला तरी तो उठून गेला नव्हता. येशूनं स्वतः रडून पाहिलंय, मरून पाहिलंय. त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही."

त्रिपुरसुंदरीनं लुगड्याच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मग माझं सांगा त्याला. मला पुरे झालं म्हणून सांगा. पोदुम. गुंडो तिथे एकटा आहे म्हणून सांगा."

विद्युलताबाईंनी डोळे मिटले आणि सुरू केलं. हे आमच्या दयाळू बापा, तू आकाश आणि पृथ्वीचा कर्ता आहेस, तू आम्हांला ही सुंदर सकाळ दाखवलीस. आवाज आपोआप पेरांबूरचा झाला. राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, प्रवासात असणाऱ्यांसाठी. तेव्हा कुठे त्यांचे स्वतःचे शब्द त्यांच्या कानांवर पडले आणि त्यांना शिसारी आली. समोरची बाई विहिरीत पाय टाकायला निघाली आहे, आणि आपण प्रवाशांची काळजी वाहतोय!

त्या मध्येच थांबल्या. पुढचं सुचेना. आणि सुचेना तेव्हा पेरांबूरला सगळे जे करायचे तेच त्यांच्याकडून झालं. तिथे प्रार्थनेत शेजारच्याचा हात धरायची पद्धत. डोळे मिटलेलेच होते. हात पुढे गेला आणि त्रिपुरसुंदरीचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

"अय्यो!" विशालाक्षी किंचाळली. "नर्सम्मा, मडी! मडी मोडलीत! सगळा स्वयंपाक गेला! आता हे ऑफिसला काय जेवून जातील?"

विद्युलताबाईंनी डोळे उघडले. इतकी वर्षं या घरांतून वावरून, आणि हे! "चुकलं गं माझं," म्हणत त्या हात काढून घ्यायला लागल्या.

हात निघेना. त्रिपुरसुंदरीनं दुसऱ्या हातानं तो वरून दाबून धरला होता. तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. मग फुटला. बाळंतपणं केलेल्या बाईला असा आवाज ओळखू येतो.

"असूं दे," ती म्हणाली. "जरा असूं दे. गुंडो गेला त्यानंतर कोणी..."

"अक्का, पण स्वयंपाक—"

"गप्प बस गं विशालाक्षी," विद्युलताबाई म्हणाल्या, आणि डोळे उघडे ठेवूनच त्यांनी पुढची प्रार्थना केली. "प्रभू, ही थकली आहे. मीही थकले आहे. तिचं पोर तुझ्याकडे आहे, त्याला एकटं ठेवू नकोस. हिला आज जेवू दे. उद्याचं उद्या मागू. आमेन."

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत आखूड प्रार्थना. पेरांबूरला कुणी मोजलीही नसती.

नवा स्वयंपाक आता मडीत विशालाक्षीलाच करायचा होता, म्हणून ती पुन्हा न्हायला निघाली होती. "आता ते अन्न गाईला घालायचं," ती जाता जाता पुटपुटली.

"गाय कशाला? मी आहे की. कालपासून पोटात चहाशिवाय काही नाही. पान मांड माझं." मग विद्युलताबाई त्रिपुरसुंदरीकडे वळल्या. "आणि तुझंही. तुझं सोवळं तर गेलंच. मी एकटी नाही जेवायची."

"सगळे जेवायच्या आधी मी?"

"त्यांचं अजून शिजायचंय."

त्रिपुरसुंदरीच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणायला ते फार थोडं होतं. तिनं केळीची दोन पानं आणली, अंगणातच मांडली, मध्ये हातभर जागा सोडून. भात वाढला. स्वतःच्या पानावर आधी चिमूटभर घेतला, मग मूठभर, ताक ओतलं, आणि बोटांनी कालवत राहिली. विद्युलताबाई मुकाट्यानं जेवत राहिल्या. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं, आणि अशा वेळी आणखी बोलणाऱ्या माणसांचा त्यांना स्वतःलाच वैताग यायचा.

पहिला घास गेला. दुसऱ्यावर ठसका लागला, पाणी प्यायली, मग तोही गेला.

आतून विशालाक्षीची भांडी वाजत होती. ऑफिसला उशीर झाल्याबद्दल व्यासराव ओरडत होते.

"बुधवारी येणार?" त्रिपुरसुंदरीनं विचारलं, पानाकडे पाहतच.

बुधवार हा विद्युलताबाईंच्या सुट्टीचा एकमेव दिवस. त्या दिवशी त्या उशिरापर्यंत झोपत, आणि कुणी उठवलं तर वसंतरावांचीसुद्धा गय करत नसत. त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिलं. मग समोरच्या पानाकडे पाहिलं. निम्मा भात अजून तसाच होता.

"येते. पण तू न्हायच्या आधी, हात धरला तरी काही मोडणार नाही तेव्हा," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता एवढा भात संपव."